इंदूनं निवडलेला अजगर

हेझल नावाच्या मुलीनं पहिला अजगर इंदूच्या मांडीवर ठेवला तेव्हा मी दुकानाच्या दारापाशी माशांच्या टाक्या बघत उभा होतो. माशांत बघण्यासारखं काही होतं असं नाही. तिथून बाहेर पडायला सोपं होतं.

इंदू चाकाच्या खुर्चीत बसली होती, अंगावर शाल. उन्हाळा होता, पण इंग्लंडातला, लेस्टरचा उन्हाळा. दवाखान्यातून तिला घरी आणून थोडेच दिवस झाले होते. पुन्हा तिथं नेऊन उपयोग नाही, घरातच आरामात ठेवा, असं डॉक्टरांनी आमच्या लेकीला, वैजूला, बाजूला घेऊन सांगितलं होतं. वैजूनं ते मला सांगितलं. इंदूला कुणी सांगितलं नाही, पण तिला कळलेलं होतं.

"अवो, या की हिकडं," ती मला म्हणाली. "खात न्हाई तो तुमास्नी."

"मला इथनं दिसतंय."

"दिसतंय म्हनं." मग ती वैजूकडं वळली. "गिरणीत धामण निघाली की पोत्यावर चढून बसायचा हा माणूस. उंदीर खायला आलेली बिचारी. तिला हाकलायला मला सैपाक सोडून जावं लागायचं."

वैजूनं ते इंग्रजी करून हेझलला सांगितलं. हेझल हसली आणि माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाली. वैजू म्हणाली, "आबा, ती म्हणते की इथं येणाऱ्या नवऱ्यांपैकी निम्मे माशांपाशीच उभे असतात."

हेझलच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं होतं. इंदूला ती त्यामुळंच पहिल्यांदा आवडली. इंदूच्या आईच्या हातावर तसं गोंदण होतं.

अजगर घ्यायचं खूळ कुठून आलं ते सांगतो. इंदू बत्तीस शिराळ्याची. मी वाळव्याकडचा, आमच्याकडं साप दिसला की काठी शोधतात. शिराळ्याची तऱ्हा निराळी. तिच्या लहानपणी नागपंचमीच्या आधी तिचे वडील आणि चुलते रानात जाऊन नाग धरून आणायचे, मडक्यात ठेवायचे आणि घरातला पाहुणा असल्यासारखा जपायचे. पंचमीला बायका त्याची पूजा करायच्या आणि नंतर जिथून आणला तिथं नेऊन सोडायचे. तिकडच्या बायकांचा नाग म्हणजे भाऊ. आदल्या दिवशी भावासाठी उपास धरायचा, पंचमीला काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. इंदूला सख्खा भाऊ नव्हता. त्यामुळं ती ह्या भावाला धरून राहिली. पुढं कोर्टानं जिवंत नाग धरायला बंदी केली आणि पूजा मातीच्या नागाची व्हायला लागली. तिनं ते मानलं, पण दर वर्षी पूजा झाली की म्हणायची, मातीचा भाऊ काय बोलत न्हाई. मी म्हणायचो, खरा तरी कुठं बोलायचा?

त्या वर्षी अंथरुणावर पडल्या पडल्या ती वैजूला म्हणाली की एवढी पंचमी जिवंत भावासंगट करावी वाटते. वैजू आमची एकुलती. तिनं चौकशी केली. नाग पाळायला तिथं सरकारी परवाना लागतो आणि तो सहज मिळत नाही. अजगर मात्र लोक घरात ठेवतात, त्याची दुकानं असतात. तिनं भीत भीत हे आईला सांगितलं. इंदू म्हणाली, "अजगर तर अजगर. भाऊच की. जरा अंगानं थोराड."

आमच्या जावयाचं नाव सुहास. त्यानं फक्त एवढंच म्हटलं की आई, कुत्रा चालला असता.

पण त्या दिवसांत घरात दुसरीच एक गोष्ट चालली होती, आणि ती अजगरापेक्षा जड होती. मी सांगून टाकलं होतं की इंदूचं जे व्हायचं ते झालं की मी गावी परत जाणार. लेकीच्या घरी माणसानं किती राहायचं याला काही रीत आहे. बायको आजारी म्हणून आलो, ते ठीक. त्यानंतर जावयाच्या टेबलावर रोज ताट मांडून बसणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. सुहास चांगला आहे, प्रश्न त्याचा नव्हता. वैजूचं म्हणणं वेगळं. ती म्हणायची, गावी कोण आहे? गिरणी बंद केलीत. आई इथल्या दवाखान्यात होती तेव्हा तुम्ही चहावर दिवस काढलेत. तिथं जाऊन तुम्ही चूल पेटवणार नाही आणि आम्हाला शेजारी फोन करतील. ती म्हणत होती ते मला खोटं वाटत नव्हतं. मला फक्त त्याचं काही वाटत नव्हतं.

हे बोलणं इंदूच्या खोलीबाहेर व्हायचं, पण त्या घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या. तिला सगळं ऐकू जायचं. तिनं कुणाची बाजू घेतली नाही. संसारात मीठ किती घालायचं इथपासून आमच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा कधी बदलायचा इथपर्यंत तिनं मत दिलं होतं. इथं बोलली नाही, तेव्हा मला वाटलं तिला माझं पटलंय.

तर दुकानात. हेझलनं पहिला दाखवला तो बर्मीज जातीचा. अजून पोरसवदा होता, पण दंडाएवढा जाड. हा वाढला की याला स्वतःची खोली लागेल असं ती म्हणाली. इंदूनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्याला बघून सुहासराव घर सोडतील." दुसरा कार्पेट जातीचा. अंगावर सतरंजीसारखी नक्षी, दिसायला सगळ्यात देखणा. हेझलच्या हातात येताच त्यानं मान मागं घेतली आणि झडप घातली, तिच्या बाहीला लागली. ती शांतच होती, म्हणाली लहानपणी असेच असतात, नंतर निवळतात. इंदू म्हणाली, निवळेपर्यंत कोण बघायला बसलंय.

वैजूनं हे इंग्रजी करून सांगितलं नाही.

तिसरा लहानसा, तपकिरी ठिपक्यांचा. त्याला तिथं स्पॉटेड म्हणतात. हा इंदूच्या बोटांतून इकडून तिकडं फिरत राहिला, बांगड्यांतून डोकं काढलं, मनगटाला वेढा घातला. नवख्या माणसाला हाच देते मी, हेझल म्हणाली. मोठा होत नाही, चावत नाही, समोर धराल ते खातो. वैजूला तो लगेच पसंत पडला. मलासुद्धा, जेवढा लांबून पसंत पडायचा तेवढा.

इंदूनं त्याला डोळ्यांजवळ धरून बघितलं. "गुणाचा आहे," ती म्हणाली. "कुणाकडंबी राहील हा." आणि परत दिला.

मला वाटलं आता ह्यात दुपार जाणार. दुकानात उकडत होतं, त्या जनावरांसाठी तापवलेलं असतं. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं वैजू खुर्ची ढकलत बाहेर आली. इंदूच्या मांडीवर भोकं पाडलेला एक डबा होता. वैजूचा चेहरा उतरलेला होता, पण त्या दिवसांत तो तसाच असायचा.

डब्यात चौथाच होता. रॉयल म्हणतात त्याला. आखूड, जाडजूड, काळ्यावर पिवळसर डाग. तो दिसत नव्हताच; डोकं मधोमध लपवून त्यानं अंगाचा गोळा केला होता, दोरीचा गुंडा असावा तसा.

"ह्यात काय बघितलंस?" मी विचारलं.

"लाजरा आहे," ती म्हणाली. "माझं लगीन झालं तवा एक जण असाच बसला होता. मुंडावळ्या बांधून."

घरी काचेची पेटी आली, तापणारी चटई आली, लपायला दोन डबकुल्या आल्या. आणि गोठवलेले उंदीर आले. ते बघून सुहासनं गॅरेजमध्ये वेगळा फ्रीझर आणून ठेवला. मटारच्या शेजारी मी उंदीर ठेवणार नाही, तो म्हणाला, आणि घरातलं हे त्याचं एकच म्हणणं सगळ्यांनी ऐकलं.

हेझलनं बजावलं होतं की नवीन घरी आल्यावर त्याला हात लावू नका, निदान पहिला आठवडा तरी. पण पंचमी त्याच आठवड्यात होती. इंदूनं अंगात त्राण नसताना आदल्या दिवशी उपास धरला. पंचमीला वैजूच्या ओळखीच्या बायका आल्या, कोल्हापूरच्या, सोलापूरच्या, एक बेळगावची. सगळ्या नव्या लुगड्यात, भीत भीत. त्यांनी काचेला हळदकुंकू लावलं, लाह्या वाहिल्या. एकीनं दुधाची वाटी आणली होती. इंदू तिला म्हणाली, बाई, साप दूध पीत न्हाई, शिराळ्याच्या पोरीला तरी हे सांगू नगा, तुम्हीच प्या. आणि मग तिनं अजगराला बाहेर काढून मांडीवर घेतलं. एकेक बाई आली, हात लावून गेली. उदबत्त्या लागल्या. जरा भीड चेपल्यावर त्या सगळ्याजणींनी खुर्चीभोवती फेर धरला आणि पंचमीची गाणी म्हटली. इंदूला इतकं हसताना मी त्या वर्षात बघितलं नव्हतं. मांडीवर अजगराचा गोळा घट्ट, घट्ट होत गेला.

त्यानंतर तो जेवला नाही.

दुकानात तो नीट जेवत होता. इथं उंदीर गरम पाण्यात शेकून, लांब चिमट्यात धरून समोर न्यायचा, की तो डोकं लपवायचा. वैजूनं हेझलला फोन केला. ती म्हणाली, घाबरलाय, ही जात अशीच, वाट बघा. इंदूला काहीच काळजी वाटली नाही. "जन्मभर मी त्याच्यापायी उपास केले," ती म्हणाली. "आता त्याची पाळी."

तिला बसवेनासं झालं तेव्हा तिनं हे काम माझ्यावर टाकलं. पेटी तिच्या पलंगासमोरच होती. ती उशीवरून सांगायची आणि मी करायचो. पाणी बदला. चटई किती तापली ते बघा. चिमटा असा नको, शेपटीकडनं धरा. मला घाम फुटायचा. एकदा मी चिमटा टाकून दिला आणि ती इतकी हसली की वैजू धावत आली.

माझी भीती गेली ती एका साध्या गोष्टीनं. हेझलनं त्याचं वजन विचारलं होतं, कमी होत असेल तर डॉक्टरला दाखवावं लागेल म्हणाली. वैजू स्वयंपाकघरातला काटा आणायला गेली. तोवर मी त्याला उचलून हातावर घेतलं. जन्मभर लोकांच्या दळणाचे डबे हातावर घेतलेला माणूस मी, हात आपोआप पुढं झाला. चार पायलीला कमी आणलंय का जास्त, ते मला डबा उचलला की कळायचं. तसाच तो उचलला गेला. दुकानात सांगितलं होतं त्याहून कमी झालेला नव्हता. काट्यानंही तेच सांगितलं. मग लक्षात आलं की आपण त्याला धरलंय, आणि तो गार, कोरडा आहे, आणि त्याचं डोकं माझ्या तळहाताखाली आहे. इंदू उशीवरून बघत होती.

नवरात्र बसायच्या आधी एका दुपारी ती मला म्हणाली, "तुम्ही जाणार हाय न्हवं गावाला?"

मी मान हलवली.

"जावा. पण त्यो जेवल्याबिगर जाऊ नका. उपाशी ठेवून गेलेलं बरं न्हाई."

मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं, आणि मागणं तरी केवढं. आज नाही उद्या तो जेवणारच होता.

दोन दिवसांनी ती गेली. सकाळची वेळ होती, वैजू आणि मी दोघं जवळ होतो. तिला त्रास झाला नाही. अस्थी तिथल्याच नदीत सोडल्या. ते तिचंच सांगणं होतं. कृष्णेपर्यंत कशाला, नदी ती नदी, पाणी काय पासपोर्ट बघत न्हाई, असं म्हणाली होती.

तेरावं झालं. सुहासनं माझं तिकीट काढलं. अजगर जेवला नाही. तिकीट पुढं ढकललं. तरी जेवला नाही. आता मी एकटाच त्या खोलीत त्याच्यापुढं बसायचो. उंदीर पाण्यात शेकायचो, वैजूच्या केस वाळवायच्या यंत्रानं कोरडा करायचो. वैजूनं ते एकदा बघितलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी नवीन यंत्र आणलं. पेटीवर चादर टाकून बघितली. दार लावून बाहेर बसून बघितलं. लहान उंदीर, पांढरा उंदीर, काळा उंदीर. मी जेवायला टेबलावर यायचो तेव्हा वैजू आणि सुहास माझ्याकडं बघायचे आणि मी त्यांना अजगरानं काय केलं ते सांगायचो. दुसरं सांगायला काही नव्हतं. पण ते सांगायला मी रोज टेबलावर येत होतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

थंडी पडली. दुपारी चारलाच काळोख व्हायला लागला. एक दिवस मला वाटलं हे पुरे झालं. हे जनावर मला जाऊ देत नाही आणि मेलं तर माझ्या हातून मरणार. मी वैजूला म्हटलं, त्याला त्या मुलीकडं परत देऊ. तिच्याकडं जेवत होता, तिच्याकडंच जेवेल. तो जेवला की इंदूला दिलेला शब्दही राहील. वैजूनं आधी पेटीकडं बघितलं. मग म्हणाली, चला.

दुकानात हेझलनं मला ओळखलं. इंदू गेल्याचं वैजूनं तिला सांगितलं तेव्हा तिनं काउंटरच्या बाहेर येऊन माझा हात हातात घेतला. मग डबा उघडून तिनं अजगर काढला, उलटा करून बघितला, तोंड बघितलं, आणि वैजूशी बराच वेळ बोलली. शेवटी माझ्याकडं बघून एक वाक्य म्हणाली. वैजू ते मराठीत सांगेना.

"काय म्हणाली?"

"काही नाही. चांगला आहे म्हणाली. हिवाळ्यात ही जात जेवत नाही. कधी कधी कित्येक महिने."

"ते आधी सांगायचं होतं तिनं."

"सांगितलं होतं, आबा."

"कुणाला?"

वैजू खाली बघत होती. "आईला. तुम्ही बाहेर बसला होतात. आईनं मला विचारायला लावलं, की यातला जेवायला सगळ्यात जास्त रुसतो तो कोणता. हेझलला वाटलं मी चुकीचं सांगतेय. तिनं दोनदा विचारलं. म्हणाली, हा रॉयल. लोक याला हिवाळ्यात परत आणून देतात, याच्यापुढं बसायचा धीर नसतो म्हणून. तेव्हा आई म्हणाली, हाच द्या."

हेझल आम्हा दोघांकडं बघत होती. तिला शब्द कळत नव्हते, पण काय चाललंय ते कळत होतं.

"तू काही बोलली नाहीस तिला?"

"बोलले. मी म्हटलं, आई, हा कशाला, आबांना त्रास होईल. तर म्हणाली," वैजू थांबली. तिनं डोळे पुसले आणि आईच्याच आवाजात बोलली, "म्हणाली, तुझा बाप कुणाचं ऐकून थांबायचा न्हाई. तुझं न्हाई, माझं न्हाई. पर दारात कुणी उपाशी असलं तर त्याचा पाय निघत न्हाई. मी गिरणीत बघितलंय. लाईट गेली की हा रांगेतल्या शेवटच्या बाईचं दळण होईस्तोवर जेवायला घरी यायचा न्हाई."

हेझलनं अजगर हातावर घेऊन माझ्यापुढं धरला होता. देताय का नेताय, एवढंच तिला विचारायचं होतं. तो गोळा झालेला नव्हता. बहुतेक दुकानाची ऊब त्याला बरी वाटली असावी. जीभ बाहेर काढत होता आणि आत घेत होता.

मी हात पुढं केला. हेझलनं तो माझ्या हातावर सोडला. वजन तेवढंच होतं.

"बाहेर गारठा आहे," मी वैजूला म्हटलं. "डब्यात गरम पाण्याची पिशवी ठेव म्हणावं तिला."

गाडीत मी डबा मांडीवर घेऊन बसलो. घरी आल्यावर सुहासनं डबा बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि पेटीची चटई चालू करायला वर गेला. त्याची त्या खोलीत आपणहून जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

अजगर जेवला तो थंडी ओसरल्यावर. एक शनिवार होता, संध्याकाळी. मी नेहमीप्रमाणं उंदीर त्याच्या लपायच्या डबकुलीच्या तोंडाशी ठेवला आणि खुर्चीत मागं सरकून बसलो. आशा म्हणून नाही, सवय म्हणून. त्यानं डोकं बाहेर काढलं. बराच वेळ तसाच थांबला. मग एकदम पुढं आला, धरलं, आणि अंगाचे वेढे टाकले. मेलेल्या उंदराला वेढे कशाला टाकायचे, पण त्याची रीत ती. मग सावकाश, डोक्याकडून, त्यानं गिळायला सुरुवात केली.

वैजू दारात येऊन उभी राहिली होती. ती कधी आली ते मला कळलं नाही. शेपटीचं टोक आत जाईपर्यंत आम्ही दोघांनी श्वास घेतला नसेल. मग ती हळूच म्हणाली, "जेवला."

"हं."

ती आत आली नाही. दाराच्या चौकटीला धरून तिथंच उभी होती, आणि मला माहीत होतं ती काय विचारणार आहे. तिनं ते मोठ्या कष्टानं विचारलं. "आबा, मग सुहासला तिकिटाचं बघायला सांगू?"

अजगर परत डबकुलीत शिरत होता. पोटाजवळ एक फुगवटा आला होता.

"आता परत कधी द्यायचं असतं ह्याला?" मी विचारलं.

"हेझल म्हणाली होती, पंधरवड्यानं."

"मग तेवढं एक बघतो," मी म्हटलं. "जेवतोय का."